मेलेला कायदा, जिवंत कलम

अमेरिकेची राज्यघटना १७८७ साली ‘आम्ही लोक’ म्हणत लिहिली गेली आणि त्याच घटनेत प्रतिनिधी ठरवताना पाच गुलामांची तीन माणसं धरली. पाठ्यपुस्तकात सत्ताविभाजन असतं, हा हिशेब क्वचितच. गुलामगिरी १८६५ मध्ये संपली. त्या लढ्यासाठीच जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकी जनतेला अर्पण केली.

१८७५ च्या कायद्याने तिथली वाहनं, नाटकगृहं, मुक्कामाच्या जागा काळ्यांना खुल्या केल्या. १८८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मोडीत काढला: घटनादुरुस्ती सरकारला बांधते, खासगी मालकाला नाही! कोलंबियात शिकलेल्या बाबासाहेबांनी १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये नेमका हाच मेलेला कायदा आधाराला घेतला. आपल्या कलम १५(२) मध्ये दुकान, हॉटेल, विहीर आली. कलम १७ ने अस्पृश्यता पाळणाऱ्या माणसालाच धरलं.

बेंगळुरूत भाड्याची खोली शोधताना आधी आडनाव विचारतात, मग ‘व्हेज का?’, मग जागा गेलेली असते. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम ४ मध्ये राहती जागाही आहे. अनुसूचित जातीच्या माणसाला तिथे अडवलं, तर कलम १२ नुसार कारण अस्पृश्यताच असं कोर्ट धरतं. उलट सिद्ध करायचं ते मालकाने. तेव्हा मेसेज पुसू नका, आणि तक्रारीत ही दोन्ही कलमं लिहा.