भाऊबीज आणि फूटव्हॉल्व

माणसाला एखादे काम चुकून जमले की पुढे त्याचे नुकसानच होते, असे आमच्या हिचे मत आहे. हे मत तिने माझ्याकडे पाहून बनवले आणि त्याला कारण झाला एक पंप.

आमच्या पुण्याच्या सोसायटीत पोहण्याचा एक तलाव आहे. जन्मभर मी हिशेब तपासले. पंपाशी माझा संबंध तो बिलापुरता. पण एकदा त्या तलावाचा पंप गळू लागला आणि ठेकेदाराने नव्या पंपाचा खर्च सांगितला, तेव्हा मी एक जुने धोतर फाडून पंपाच्या खोलीत जाऊन बसलो. पंप कोरडा पुसला, चालू करायला सांगितला आणि पाणी पहिल्यांदा कुठे दिसते तेवढे पाहिले. गळती शोधण्याचे निम्मे शास्त्र एवढेच. थेंब जिथून पडतो तिथे गळती असतेच असे नाही. पाणी ओघळत जाऊन आपल्याला सोयीच्या जागी टपकते. आमचे पाणी पंप आणि मोटार यांच्या मधल्या मानेतून येत होते. म्हणजे दांड्याचे सील गेले होते. सील बदलले, नवा पंप टळला आणि त्या दिवसापासून मी पंपतज्ज्ञ झालो.

ही कीर्ती धाकट्या बहिणीपर्यंत पोचवली मीच.

बहीण वडवणीला असते. बीडच्या पुढे परळीच्या रस्त्यावर, बालाघाटाच्या कुशीत हे गाव आहे. 2018 च्या भाऊबीजेला मी तिच्याकडे गेलो, तेव्हा ओवाळण्याआधीच ती म्हणाली, "दादा, आधी विहिरीवर जाऊन या. मोटार लई गळायलीय."

त्या साली पावसाने दगा दिला होता. ऑक्टोबरअखेर सरकारने राज्यातल्या 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला होता. विहिरीत पाणी होते, पण तळाला. त्यावर दीड एकर ज्वारी आणि थोडा चाऱ्याचा मका तगवायचा होता. दुकानदाराने भाच्याला सांगितले होते, की या पंपात आता राम नाही, नवा घ्या. नव्याला पैसे कुठले? तर मुकादमाकडून उचल घ्यायची, नवराबायकोने मिळून एक कोयता म्हणून नाव लिहायचे आणि दिवाळी संपली की ऊसतोडीला निघायचे. या मुलुखात हे काही नवल नाही. शेजारच्या घराला कुलूप लागलेच होते; म्हातारी तेवढी मागे. पण बहिणीच्या घरातून अजून कुणी गेले नव्हते, आणि नातू पहिलीत होता. मुकादम सोमवारी येणार होता.

मी पॅंट दुमडली आणि विहिरीत उतरलो.

पंप विहिरीतल्या कठड्यावर बसवलेला. फडके, पुसणे, पाहणे, सगळे रीतसर केले. पण विजेवाचून पंप कसा चालवणार? त्या आठवड्यात शेतीची वीज रात्री बाराला येत असे. तेव्हा पंपात नुसते पाणी भरून पाहिले. मानेतून धार लागली. सील! मला इतका आनंद झाला की जणू जुना स्नेही भेटला.

सील म्हणजे काय, ते थोडे सांगतो. दांडा फिरणार आणि पंपाच्या पोटात पाणी कोंडलेले. दांड्याभोवतीच्या फटीतून ते बाहेर येऊ पाहणार. जुन्या पंपांत त्या फटीत ग्रीस लावलेली ग्लँडची दोरी ठासून बसवत. तिच्यातून थोडे थेंब पडायलाच हवेत. हुशारी करून नट फार आवळले तर दांडाच झिजतो. नव्या सीलमध्ये कार्बनची एक गुळगुळीत चकती चिनी मातीच्या चकतीवर स्प्रिंगने दाबलेली असते. दोघींच्या मध्ये पाण्याचा अगदी पातळ थर राहतो. तोच त्यांचे तेल आणि तोच गारवा. पाण्यावाचून पंप फिरला तर चकत्या तापून तडकायला फार वेळ लागत नाही.

हे सगळे मी भाच्याला विहिरीत उभ्याउभ्या ऐकवले. वरून भाचेसून म्हणाली, "मामा, रोज बादलीभर पाणी ओतावं लागतं, तव्हा कुठं पाणी धरती."

"सील गेल्यावर असंच व्हायचं," मी म्हणालो. जन्मभर दुसऱ्यांच्या वह्यांतल्या गाळलेल्या ओळी शोधल्या आणि इथे समोरची ओळ वाचली नाही.

काम सुरू करताना मात्र तिने ऐकले नाही. वीज नाही म्हणून मी पाना लावणार, तोच ती स्टार्टरच्या पेटीतले तीनही फ्यूज काढून पदराला बांधून आली. पेटीला 'ऑटो' लावलेला. वीज आली की मोटार आपोआप सुरू होते. अवेळी वीज आली असती तर माझी बोटे पंख्यात असती.

वडवणीच्या बाजारात सील मिळाले. बसवले. रात्री बाराला वीज आली, भाच्याने पंपात पाणी ओतले आणि मोटार सुरू झाली. मानेखाली थेंब नाही! पाटातून पाणी खळाळत निघाले. बहीण काठावर उभी होती. आमच्या वडिलांच्या मोटेची तिला आठवण झाली. मोट फाटली की ती शिवून आणण्याचे काम माझ्याकडे असे. किर्लोस्करवाडीत 1926 साली पंप तयार होऊ लागले, पण आमच्या थारोळ्यात मोट पडायची थांबली ती त्यानंतर कितीतरी वर्षांनी. तासभर पाहून मी विजयी मुद्रेने झोपायला गेलो.

सकाळी पंप पुन्हा गळत होता.

भाचा काही बोलला नाही. तो बोलला असता तर बरे झाले असते. सील उघडले तर मातीची चकती तडकलेली. दोन वाजता वीज गेली होती आणि तीनला आली होती, हे म्हातारीकडून कळले. म्हणजे तीनला मोटार आपोआप सुरू झाली ती कोरडीच, आणि कोणी बंद करीपर्यंत तशीच फिरत राहिली. पण तासाभरापूर्वी पाण्याने भरलेला पंप कोरडा का पडावा?

आता मला भाचेसुनेची बादली आठवली.

आमच्या सोसायटीचा पंप तलावाच्या पातळीखाली आहे. तिथे पाणी आपणहून पंपात येते. विहिरीवर गोष्ट उलट. पाणी खाली, पंप वर. पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो, पण खरे तर पंप आत पोकळी करतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला वर ढकलतो. चौतीस फुटांच्या आसपास त्या दाबाची ताकद संपते. गॅलिलिओच्या काळी इटलीतले पंपवालेही तिथेच अडले होते, आणि त्याचे कारण त्याचा शिष्य तोरिचेल्ली याने 1640 च्या दशकात दाखवले. व्यवहारात वीस-बावीस फूट म्हणजे पुष्कळ झाले. आणि तेही पंप व खालची नळी भरलेली असेल तरच. ती भरलेली ठेवतो नळीच्या टोकाचा फूटव्हॉल्व. तो पाणी वर येऊ देतो, परत जाऊ देत नाही. माझ्या पंपशास्त्रात तो नव्हताच.

आणखी एक सील आणले. या वेळी फ्यूज न लावता पंप काठोकाठ भरला आणि घड्याळ धरले. मानेखाली थेंब नाही, जमीन कोरडी, तरी दहा मिनिटांत पाणी दिसेनासे झाले. बाहेर गळत नाही आणि आत राहत नाही. म्हणजे गेले ते खाली विहिरीतच. नळी वर ओढली. फूटव्हॉल्वची जाळी फाटलेली आणि आतल्या चामड्याच्या झडपेखाली पऱ्हाटीची करंगळीएवढी काडी अडकलेली. पाणी तळाला गेल्याने नळी गाळात टेकली होती, तिथलीच ती. नवा पंप घेतला असता, तर त्याचेही सील आठवड्यात गेले असते.

चामडे बदलले, जाळी बांधली, नळी गाळापासून हातभर वर घेतली आणि 'ऑटो' काढून टाकला. पंप भरून ठेवला तो संध्याकाळपर्यंत तसाच भरलेला होता. ऑटो नाही म्हणजे रात्री कोणीतरी उठायला हवे, हे ओघाने आलेच. भाचा आणि भाचेसून यांनी पाळ्या ठरवल्या. मला त्यांत घेतले नाही.

सोमवारी मुकादमाची जीप आली. भाच्याने त्याला चहा दिला. "औंदा नाव लिहू नका," एवढेच म्हणाला. बहिणीने ओवाळणीच्या पैशांतून पहिल्या सीलची किंमत मला परत दिली. ती मी घेतली नाही, दुसऱ्याची घेणे तर शक्यच नव्हते.

विहिरीने संक्रांतीपर्यंत साथ दिली. ज्वारीला दाणा कमी भरला, पण कडबा झाला आणि बैल विकावे लागले नाहीत. मध्ये एकदा पंपाने पुन्हा पाणी सोडले होते म्हणे. भाचेसुनेने नळी वर काढून झडप साफ केली. मला ते फाल्गुनात कळले.