गार हवा आणि खेळती हवा

वैशाखातल्या रखरखत्या दुपारी एखादा ग्राहक शाखेचे काचेचे दार ढकलून आत येतो, रुमालाने कपाळ टिपतो आणि ‘वा, काय छान हवा आहे इथे!’ असे उद्गारतो. आपण अधिकारी-कर्मचारी मंडळी ही दाद आनंदाने स्वीकारतो. वस्तुतः त्याला सुखावणारी ती हवा केवळ गार असते. ती ताजी असेलच असे नाही; पुष्कळदा नसतेच. भिंतीवर टांगलेले स्प्लिट वातानुकूलन यंत्र खोलीतीलच हवा ओढून घेते, ती थंड नळ्यांवरून नेते, तिच्यातील थोडे बाष्प काढून घेते आणि तीच हवा पुन्हा खोलीत सोडते. गच्चीवर किंवा बाहेरच्या भिंतीवर जी पेटी बसविलेली असते, ती फक्त उष्णता बाहेर टाकण्यापुरती. बाहेरची हवा आत आणणे हे तिचे कामच नव्हे. हा भेद अनेक सुशिक्षितांना ठाऊक नसतो. शाखा व्यवस्थापक झाल्यावरही मला तो ठाऊक नव्हता, हे प्रारंभीच कबूल केलेले बरे.

सन २००८ मध्ये मी एका तालुक्याच्या गावी शाखा व्यवस्थापक होतो. शाखा जुन्या दगडी इमारतीत होती. उंच छत, सहा प्रशस्त खिडक्या आणि त्यांवर झडपांची तावदाने. त्या वर्षी अंतर्गत सजावटीचे काम निघाले. धूळ येते, रस्त्याचा गोंगाट येतो, कागद उडतात, रोखपालाच्या मागे खिडकी नको, अशी कारणे एकापाठोपाठ एक पुढे आली आणि सहाही खिडक्या प्लायवूडने बंद झाल्या. वर खोटे छत आले, त्यावर दिव्यांच्या सुबक रांगा आल्या, भिंतींवर चार वातानुकूलन यंत्रे आली. नकाशावर सही माझी होती. उद्घाटनाला आलेल्या वरिष्ठांनी पाठ थोपटली आणि मीही ती थोपटू दिली.

दोन वर्षांनी आमच्या दफ्तरींना क्षयरोग झाल्याचे निदान झाले. त्याआधी तीन-चार महिने ते खोकत होते आणि आम्ही त्यांना आल्याचा चहा पाजत होतो. त्यानंतर वर्षभराच्या आत त्यांच्या शेजारी बसणाऱ्या तरुण लिपिकालाही तोच रोग जडला. दोघेही पूर्ण उपचारांनी बरे झाले. क्षयाचे जंतू शरीरात वर्षानुवर्षे सुप्त राहू शकतात, त्यामुळे कोणाचा रोग कोठून आला हे छातीठोकपणे सांगता येत नाही, असे डॉक्टरांनी मला समजावले. त्यांचे म्हणणे शास्त्राला धरूनच होते. तरीही ती सही माझ्या मनातून गेलेली नाही.

क्षयरोग हवेतून पसरतो, हे आज शाळकरी मुलालाही माहीत असते. ते प्रयोगाने सिद्ध व्हायला मात्र विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. अमेरिकेत बाल्टिमोर येथील माजी सैनिकांच्या रुग्णालयात रिचर्ड रायली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्षयरुग्णांच्या खोल्यांतील हवा नळांवाटे वरच्या मजल्यावर ठेवलेल्या गिनी पिगांपर्यंत नेली. रुग्ण आणि प्राणी यांच्यात दुवा होता तो फक्त हवेचा, आणि तरीही प्राण्यांना लागण झाली. त्याच हवेवर अतिनील किरणांचा मारा करून ती दुसऱ्या कळपाला दिली, तेव्हा तो कळप निरोगी राहिला. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश रुग्ण ज्या देशात आहेत, त्या देशाने हा प्रयोग विसरणे परवडणारे नाही.

हवा शिळी झाली हे ओळखायचे कसे? दुर्गंधी यावी लागत नाही, आणि नाक तर पाच मिनिटांत सरावते. म्युनिकचे माक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्येच यावर तोडगा सुचविला होता. माणसाच्या उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड मोजावा आणि हवेच्या दहा लाख भागांत त्याचे एक हजाराहून अधिक भाग आढळले, तर वायुवीजन अपुरे समजावे. आजही जाणकार याच आकड्याच्या आसपास घुटमळतात. उघड्यावरील हवेत आज हे प्रमाण सव्वाचारशेच्या घरात असते, तर आपल्या उच्छ्वासात सुमारे चाळीस हजार. हे मोजणारे खिशात मावेल एवढे यंत्र आता काही हजार रुपयांत मिळते.

असे एक यंत्र मुलाने मला भेट दिले आहे. गेल्या नोव्हेंबरात हयातीचा दाखला देण्यासाठी शाखेत गेलो, तेव्हा ते खिशातच होते. सत्तरी-पंच्याहत्तरीचे आम्ही तीसेक निवृत्तिवेतनधारक दाटीने बसलो होतो. दारे बंद, यंत्रे सुरू. आकडा सोळाशेच्या पुढे गेलेला दिसला. गणित सोपे आहे. सोळाशेतून बाहेरचे सव्वाचारशे वजा करून चाळीस हजारांनी भागले, तर जवळजवळ तीन टक्के येतात. म्हणजे मी घेत असलेल्या दर तेहतीस-चौतीस श्वासांतला एक श्वास दुसऱ्या कोणीतरी आधीच वापरून टाकलेला होता. हयातीचा दाखला देण्याच्या रांगेत हा हिशेब सुचावा, यातला विनोद माझ्या शेजारच्या गृहस्थांना मुळीच आवडला नाही.

हा प्रश्न रुग्णालयांत अधिक तीव्र होतो. क्रिमियन युद्धाचा अनुभव घेऊन परतलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी परिचर्येच्या नियमांत पहिला मान शुद्ध हवेला दिला होता. समोरासमोर उंच खिडक्या असलेली लांब दालने ही त्यांच्या विचारांची देणगी. आपल्याकडील जुन्या सरकारी रुग्णालयांची उंच छते आणि रुंद व्हरांडे त्याच काळातील समजुतीचे वारस आहेत. पेरूची राजधानी लिमा येथील आठ रुग्णालयांचा एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. दारे-खिडक्या उघडल्या असता तेथील खोल्यांत हवा तासाला सरासरीने २८ वेळा पालटत होती, तर यांत्रिक वायुवीजनाच्या खोल्यांत १२ वेळा. पन्नास वर्षांहून जुन्या, मोठ्या खिडक्यांच्या इमारती नव्या इमारतींना मागे टाकीत होत्या. जुने ते सगळे सोने असे मला म्हणायचे नाही. त्या इमारतींतली स्वच्छतागृहे मी पाहिलेली आहेत.

आजच्या खासगी रुग्णालयांत शस्त्रक्रियागृहाच्या हवेची चोख व्यवस्था असते. गाळण्या, दाब, तासागणिक हवापालट, सारे काही नोंदवहीत असते. परंतु बाह्यरुग्ण विभागाची प्रतीक्षा-खोली बहुधा तळघरात किंवा काचबंद मजल्यावर असते आणि तिथे दोन स्प्लिट यंत्रांपलीकडे काही नसते. ज्याच्या रोगाचे अजून निदानच झालेले नाही, असा रुग्ण नेमका तिथेच बसलेला असतो. त्याच्या एका बाजूला मधुमेही वृद्ध, दुसऱ्या बाजूला गर्भवती. सर्वाधिक धोक्याच्या जागी सर्वांत कमी खर्च, हा उफराटा न्याय आहे.

‘बाहेरची हवा तरी कुठे शुद्ध आहे?’ असा प्रश्न यावर हमखास येतो, आणि दिल्ली, कानपूर, पाटणा येथील सहकाऱ्यांनी तो विचारला तर तो रास्तच आहे. सूक्ष्म धूलिकणांसाठी आपल्या देशाची वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती ५ वर आणली. हिवाळ्यातील दिल्लीत खिडकी उघडा असा सल्ला मी देणार नाही. तिथे बाहेरची हवा गाळूनच आत घ्यावी लागेल, आणि आतली हवाही चांगल्या प्रतीच्या गाळणीतून फिरवावी लागेल. मात्र गाळणी धूळ अडवते, जंतू अडवते, उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड अडवत नाही. म्हणून ताज्या हवेचा प्रवेश पूर्णतः बंद करणे हा दिल्लीतही पर्याय नव्हे. कुंड्यांविषयीही एक शब्द. खोलीत मनीप्लांट ठेवला की हवा शुद्ध होते, ही समजूत बंद पेट्यांत केलेल्या प्रयोगांतून आलेली आहे. २०१९ मधील एका आढाव्यानुसार, खोलीत साध्या वायुवीजनाइतका परिणाम साधायचा तर दर चौरस मीटरला किमान दहा, कदाचित शेकडो झाडे लागतील. मनीप्लांट नावामुळे बँकेत शोभतो, एवढेच.

दुसरी हरकत विजेच्या बिलाची. १९७३ च्या तेलसंकटानंतर पाश्चात्त्य देशांनी ऊर्जाबचतीसाठी इमारती घट्ट बंद केल्या, आत घ्यायची ताजी हवा कमी केली, आणि पुढच्या दशकात डोकेदुखी, डोळ्यांची जळजळ, थकवा अशा तक्रारींचा पूर आला. ‘आजारी इमारत’ हा शब्दप्रयोग त्यातूनच रूढ झाला. अखेर १९८९ मध्ये अमेरिकेतील अभियंत्यांच्या संस्थेने माणशी ताज्या हवेचे किमान प्रमाण तिप्पट केले. बचत करायचीच असेल, तर यंत्राचे तापमान अठराऐवजी पंचवीस-सव्वीस ठेवावे, छताचा पंखा फिरू द्यावा आणि वाचलेल्या विजेवर बाहेर हवा फेकणारा पंखा चालवावा.

करोनाच्या काळात आपण नोटा चिमट्याने उचलल्या, काउंटरवर प्लॅस्टिकचे पडदे लावले, दाराच्या मुठी पुसपुसून झिजवल्या. चीनमधील ग्वांगजो येथील एका वातानुकूलित उपाहारगृहात जानेवारी २०२० मध्ये शेजारशेजारच्या तीन टेबलांवरील कुटुंबांतील दहा जण बाधित झाले. तिथले हवा बाहेर फेकणारे पंखे बंद होते. आपल्या केंद्र सरकारच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने मे २०२१ मध्ये वायुवीजनाचे महत्त्व सोप्या शब्दांत सांगणारी पुस्तिका काढली. तोवर प्लॅस्टिकचे पडदे सर्वत्र लागून गेले होते. आता तेही उतरले आहेत आणि पुस्तिका कोणाच्या स्मरणात नाही.

बँकेकडून माझी अपेक्षा फार मोठी नाही. प्रत्येक शाखेत, ग्राहकाला दिसेल अशा जागी, कार्बन डायऑक्साइड मोजणारे यंत्र लावावे. व्याजदरांचा फलक जर आपण लावतो, तर हाही लावता येईल. सजावटीच्या नकाशावर सही करण्यापूर्वी माणशी किती ताजी हवा मिळेल, याचा रकाना भरल्याशिवाय देयक मंजूर होऊ नये. आणि रुग्णालये, शुश्रूषागृहे, व्यापारी संकुले यांना कर्ज देताना आपण अग्निशमनाचा दाखला मागतो, वाहनतळाचा आराखडा पाहतो. प्रतीक्षा-खोलीत तासाला हवा किती वेळा पालटेल, हेही मूल्यांकन-पत्रकात विचारावे. कर्ज मागणाऱ्याला सुरुवातीला हा प्रश्न चमत्कारिक वाटेल. मंजुरी त्यावर अडली की वास्तुविशारद उत्तर आणून देतो, असा माझा अनुभव आहे.

माझ्या त्या जुन्या शाखेतील प्लायवूड बदली होण्यापूर्वी मी दोन खिडक्यांपुरते काढवून घेतले. लेखापरीक्षकांनी त्यावर ‘सुस्थितीतील सजावटीचे विनाकारण नुकसान’ असा शेरा मारला. त्याला मी लिहिलेले उत्तर अजून माझ्यापाशी आहे. उरलेल्या चार खिडक्या, परवा तिथून जाताना पाहिले, अजून बंदच आहेत.