रिझल्ट लागला का?

लोकमान्य नगर मेट्रो स्टेशनला उतरून हिंगणा रोडवरच्या टपरीवर चहा घ्या. कॉलेजची पोरं आणि एमआयडीसीतली शिफ्ट सुटलेली माणसं, दोघांच्या तोंडी एकच शब्द. रिझल्ट! परवा एक पोरगा विचारत होता, ‘काय बे, रिझल्ट लागला का?’ बाजूचे काका फोनवर गावी सांगत होते, ‘त्या औषधाचा कपाशीवर रिझल्टच नाही, दुसरं मार.’

आता गंमत बघा. शब्द इंग्रजी, पण क्रियापद आपलं. इंग्रजाचा रिझल्ट ‘बाहेर पडतो’, आपला ‘लागतो’, कारण निकाल लागतो. नोकरी लागते, लग्न लागतं, नजर लागते... त्याच रांगेत हाही उभा! औषधाचा रिझल्ट मात्र कधीच लागत नाही, तो ‘येतो’, कारण औषधाला गुण येतो. म्हणजे वरचं कव्हर तेच, आतले मराठी शब्द वेगळे. आणि रक्त तपासलं की? तिथं रिझल्ट नाहीच, रिपोर्ट!

माझ्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी (हो, तेही केलंय!) चार विषय राहिले. बाबांना म्हटलं, ‘रिझल्ट तसा ओके नाही.’ ते म्हणाले, ‘निकाल लागला म्हण ना सरळ. रिझल्ट म्हटल्यानं विषय निघतात का?’ खरंय. ‘त्याचा निकाल लागला’ म्हटलं की माणूस बुडालेला दिसतो. रिझल्ट म्हटलं की सगळं कसं कागदावर, दूरवर. मी तेव्हा त्या शब्दामागे चक्क लपले होते.

आता नवा पाहुणा आलाय, ‘आउटकम’. भारत २०१४ मध्ये वॉशिंग्टन अकॉर्डचा पूर्ण सदस्य झाला आणि इंजिनिअरिंगच्या सिलॅबसमध्ये ‘कोर्स आउटकम’ दिसायला लागले. शाळेत त्याला ‘अध्ययन निष्पत्ती’ म्हणतात. मास्तरांनी किती शिकवलं ते नाही, पोराला काय करता यायला लागलं ते. कल्पना छानच आहे हो, पण ऑफिसात पोचली की घाम फोडते. माझी एक मैत्रीण इथल्याच एका कंपनीत आहे. तिच्या अप्रेझलच्या फॉर्ममध्ये दोन रकाने होते, आउटपुट आणि आउटकम. पहिल्यात तिनं वर्षभरातल्या बत्तीस प्रेझेंटेशन्सची यादी टाकली. दुसऱ्यावर अडली.

रात्री साडेदहाला फोन. ‘अगं, बत्तीस केली. त्यानं झालं काय, ते कोणाला विचारू?’

फॉर्म शुक्रवारी द्यायचाय. रकाना अजून कोराच आहे.