मिसरीचा आराम

चुडाव्याला खालाकडे गेलो की पानदानाशेजारी मिसरीची डबी दिसतेच. यावेळी खालाच्या हिरड्या सुजल्या होत्या, थुंकीत रक्त होतं. "दवाखान्यात दाखवलं का?" विचारलं तर म्हणाली, "मिसरी लगाए तो आराम पडता, बेटा."

हा आराम फसवा आहे. मिसरी म्हणजे भाजून पूड केलेला तंबाखूच. ठणका थोडा वेळ दबतो, आजार आत वाढतच राहतो. तोंडाच्या कॅन्सरचा धोका वेगळाच. २०१२ साली महाराष्ट्रात गुटखाबंदी आली, तेव्हा आपण टपरीवरच्या पोरांबद्दल बोललो. घरातल्या बायकांच्या तोंडातला तंबाखू मात्र 'दात घासायची पूड' म्हणून सुटला.

घरगुती उपायांना माझा विरोध नाही. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ टाकून दिवसातून दोन-तीनदा गुळण्या केल्या तर बरं वाटतं. लवंगेने दुखरी जागा थोडी बधिर होते. रक्त येतं म्हणून घासणं सोडू नये. मऊ ब्रशने हलक्या हाताने घासावं. पण दाताच्या मुळाशी कडक झालेलं कीटण मिठाने निघत नाही, हळदीनेही नाही. ते दातांच्या डॉक्टरनेच काढावं लागतं. "दात साफ केले की हलायला लागतात" असं गावात सर्रास म्हणतात. खरं तर कीटणापायी आतलं हाड आधीच झिजलेलं असतं. पू आला, गाल सुजला, ताप आला तर गुळण्या करत बसू नये. शुगर असलेल्यांनी तर मुळीच नाही.

आपल्याकडे मिसवाक सुन्नत आहे. वुजू करताना प्रत्येक वेळी आपण चूळ भरतो. तोंडाच्या सफाईला इतकं महत्त्व देणाऱ्या दीनच्या घरात मिसरी कशी चालते? मर्दांच्या खिशात मिसवाक आणि बायकांच्या हातात डबी, हे आपल्याला खटकतही नाही. जुम्याच्या बयानात गुटख्याबद्दल मी ऐकलंय. मिसरीबद्दल कधीच नाही.

चुडाव्याहून रेल्वेने नांदेड फार लांब नाही. लग्नाच्या खरेदीला आपण घरातल्या सगळ्या बायकांना तिकडे नेतो. दातांसाठी किती जणींना नेलंय? मीही आजवर नेलं नव्हतं. उद्या खालाला घेऊन जातोय. तुमच्या घरातल्या डबीकडेही एकदा बघा.