स्वतः घडणारी वास्तू

तेरणेकाठचे तेर हे धाराशिव जिल्ह्यातील गाव प्राचीन काळी ‘तगर’ या नावाने प्रसिद्ध होते. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत तगरहून भडोच बंदराकडे जाणाऱ्या कापडाचा उल्लेख आहे. या व्यापारी नगरीची दुसरी कीर्ती तिच्या विटांची. येथील काही प्राचीन विटा इतक्या हलक्या आहेत की त्या पाण्यावर तरंगतात.

मातीत भाताचे तूस मिसळून वीट भाजली की तूस जळते आणि त्या जागी सूक्ष्म पोकळ्या उरतात. तेरच्या विटांचे रहस्य हेच मानले जाते. या पोकळ्या कोणी कोरीत नाही. कारागीर मिश्रण ठरवतो, पुढचे काम अग्नी करतो.

चुन्याचे वर्तन याहून विस्मयकारक आहे. चुनखडी भाजून, पाण्यात विरवून केलेला चुना भिंतीवर चढल्यावर हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषतो आणि त्याचे कण पुन्हा चुनखडीच्या स्फटिकांत गुंफले जातात. बारीक तडा गेल्यास पावसाच्या पाण्यात विरघळलेला चुना तेथे साचून ती फट बुजवू शकतो.

आज स्थापत्यशास्त्र याच दिशेने पाहत आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील स्कायलर टिबिट्स यांनी 2013 मध्ये पाण्यात टाकताच स्वतः वळून घनाकृती होणारी पट्टी दाखवली. अशा रचनेत बुद्धी आधी खर्ची पडते. साहित्य, प्रमाण आणि परिस्थिती योग्य जुळवली की वस्तू आपला आकार आपणच घेते.

परिस्थिती बिघडवली तर मात्र हीच क्रिया खुंटते. जुन्या वाड्यांच्या चुनेगच्ची भिंतींवर सिमेंटचा गिलावा चढवण्याची रीत सर्वत्र दिसते. भिंत काही काळ नवी भासते. परंतु सिमेंटच्या घट्ट थराआड ओल कोंडते, क्षार साचतात आणि मऊ वीट आतून झिजू लागते. वरचा पोपडा सुटेपर्यंत हानी दृष्टीस पडत नाही.

म्हणून वाडा दुरुस्तीस काढताना प्रथम छपराची गळती थांबवावी आणि जोत्यापाशी साचणारे पाणी दूर करावे. चुन्याच्या कामास चुनाच वापरावा, नवा थर काही दिवस ओलसर राखावा, घाई टाळावी. खर्च व वेळ अधिक लागेल. परंतु वडिलार्जित भिंतीला श्वास घेऊ देणे हाच तिच्या रक्षणाचा खरा मार्ग आहे.