भाकरीच्या माहेराचा नकाशा



हे सदर शेतीचे, मग त्यात आज आफ्रिका खंड कुठून आला, असे तुम्ही विचाराल. कारण सांगतो. आपली मुले शाळेत खंडांचे धडे पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. घरची वडीलधारी माणसे, ‘आम्हाला भूगोलातले काय कळते?’ म्हणून बाजूला होतात. वास्तविक या धड्याची किल्ली शेतकऱ्याच्याच घरात आहे. पाऊस कधी पडतो, जमीन कोणती आणि पीक कोणते, हे ज्याला कळते त्याला कोणताही खंड कळतो. मग तो शाळेत गेलेला असो वा नसो.

सुरुवात भाकरीपासून करा. ज्वारी मूळची सुदानकडची. बाजरी सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेची. नाचणी इथिओपिया-युगांडाकडच्या डोंगराळ मुलखातली. ही तिन्ही धान्ये हजारो वर्षांपूर्वी तिकडून आपल्याकडे आली. चवळीही तिकडचीच. म्हणजे आफ्रिका हे आपल्या भाकरीचे माहेर झाले. एवढे कळले की पोराला तो खंड परका वाटणार नाही.

आता नकाशा घ्या. पातळ कागदावर तो उतरवायला सांगा आणि विषुववृत्ताच्या रेषेवर घडी घालायला लावा. कर्कवृत्त, विषुववृत्त आणि मकरवृत्त ही तिन्ही वृत्ते ज्यातून जातात, असा हा एकच खंड आहे. त्यामुळे घडीच्या एका बाजूला जे पट्टे दिसतात, तेच थोड्याफार फरकाने दुसऱ्या बाजूलाही दिसतात.

घडीवर काँगो नदीचे खोरे आहे. तिथे जवळजवळ बारमाही पाऊस आणि घनदाट जंगल. ज्या कंदापासून आपला उपासाचा साबुदाणा होतो, तोच कंद तिथले रोजचे अन्न आहे. या दमट भागात त्सेत्से नावाची माशी जनावरांना जीवघेणा रोग देते. बैल जगत नाही, म्हणून नांगर नाही. पिढ्यान् पिढ्या शेती कुदळीवर झाली. एका माशीने औत ठरवले, ही गोष्ट मूल जन्मभर विसरणार नाही.

तिथून वर सरकले की गवताळ मुलूख लागतो. चार-सहा महिन्यांचा पाऊस आणि ज्वारी-मका. त्याच्या वर साहेल हा कोरडवाहू पट्टा, तिथे बाजरी. त्याही वर सुमारे ९० लाख चौरस किलोमीटरचे सहारा. सर्वांत वर अल्जीरिया-ट्युनिशियाचा किनारा, तिथे पाऊस हिवाळ्यात आणि पीक गहू व ऑलिव्ह. घडीच्या खाली या. झांबिया-झिंबाब्वेत मका, मग कलहारीचे वाळवंट, आणि शेवटी केप टाउनकडे पुन्हा हिवाळी पाऊस व द्राक्षे. पूर्वेकडे मात्र उंच पठारे आहेत, तिथे हा हिशेब थोडा बिघडतो. विषुववृत्ताजवळ असूनही ५,८९५ मीटर उंच किलिमांजारोच्या माथ्यावर बर्फ असतो.

पाऊस सूर्यामागून फिरतो, हेही सांगा. साहेलमध्ये पेरण्या आपल्यासारख्याच जून-जुलैत होतात. झिंबाब्वेचा पावसाळा नोव्हेंबर ते मार्च. आपल्याकडे रब्बीची काढणी चालते, तेव्हा तिकडचा मका वाढत असतो.

नाईल नदी शिकवताना काळ्या मातीची आठवण द्या. आपले दख्खनचे पठार लाव्ह्याचे, तसेच इथिओपियाचेही. तिथली माती निळी नाईल वाहून आणते. ती खार्टुमजवळ पांढऱ्या नाईलला मिळते. दोन नद्यांच्या मधल्या गेझिरा भागात भारी काळी जमीन आहे आणि १९२५ पासून कालव्याच्या पाण्यावर तिथे कापूस होतो. काळी माती तिथे कापूस, हे सूत्र वऱ्हाडातल्या पोराला वेगळे शिकवायला नको.

आता माणसांकडे वळू. आफ्रिका हा एक देश नव्हे. तिथे ५४ स्वतंत्र देश आहेत आणि लोकसंख्या १४० कोटींच्या पुढे, म्हणजे भारताच्या जवळपास. काही सीमा फूटपट्टीने आखल्यासारख्या सरळ दिसतात. १८८४-८५ मध्ये बर्लिनला युरोपीय सत्तांनी या खंडाच्या वाटणीचे नियम ठरवले. पुढे ओढलेल्या रेषांनी कित्येक ठिकाणी एकाच भाषेची माणसे दोन राज्यांत गेली. एकट्या १९६० साली १७ देश स्वतंत्र झाले.

साहेलमधले फुलानी लोक गुरे घेऊन हिंडतात. कापणी झालेल्या शेतात गुरे चरतात आणि शेताला खत मिळते. आपले धनगर मेंढरे बसवतात, तोच हा व्यवहार. आपल्याकडे १९७२ चा दुष्काळ पडला, त्याच सुमारास साहेलही होरपळत होता. तिथे बुर्किना फासोतील याकूबा सावाडोगो या शेतकऱ्याने जुनी ‘झाई’ पद्धत सुधारली. उन्हाळ्यातच कडक जमिनीत वीतभर खड्डे घ्यायचे, त्यांत शेणखत टाकायचे आणि पावसावर ज्वारी-बाजरी पेरायची. वाहून जाणारे पाणी खड्ड्यात मुरते. अशाने त्यांनी पडीक जमिनीवर पीक तर घेतलेच, पुढे रानही उभे केले. २०१८ मध्ये त्यांना ‘राइट लाइव्हलीहूड’ हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०२३ मध्ये ते वारले.

पुस्तकात आफ्रिकेचे दारिद्र्य असते, शेजारपाजारी रंगावरून थट्टा चालते. मूल दोन्ही ऐकते. त्याने या शेतकऱ्याची गोष्टही ऐकली पाहिजे, आणि ती घरात ऐकली पाहिजे.

तेव्हा या रविवारी एवढे करा. मुलाला किंवा मुलीला पट्टे रंगवायला सांगा आणि प्रत्येक पट्ट्यात तिथले एकेक पीक लिहायला लावा. मग तीनच प्रश्न विचारा: इथे पाऊस कधी? माणसे काय पिकवतात? आणि तेच का? उत्तर चुकले तर रागावू नका. आपल्या रानाचे उदाहरण देऊन पुन्हा विचारा.