प्रसाविकेचे पद

पहिलटकरणीला कळा सुरू झाल्यापासून मूल जन्माला येईपर्यंत बारा-बारा तास, कधी त्याहूनही अधिक काळ लोटतो, आणि या प्रदीर्घ अवधीत, रुग्णालय जिल्ह्याचे असो वा तालुक्याचे, तिच्याजवळ सर्वाधिक वेळ असते ती पाळीवरची परिचारिका. डॉक्टर येतात, तपासतात, सूचना देतात आणि दुसऱ्या अडलेल्या स्त्रीकडे जातात. जिथे एका रात्रीत अनेक बाळंतपणे व्हायची तिथे याहून निराळे घडणे शक्यही नाही. पण वेणांची लय जिला घड्याळाकडे न पाहता उमगते आणि मूल प्रथम जिच्या हातांत येते, त्या स्त्रीला आपल्या सरकारी आस्थापनेत प्रसाविका या नात्याने बहुतेक ठिकाणी स्वतंत्र पद नाही. नोंदणीच्या दाखल्यावर ती परिचारिका आणि प्रसाविका अशी दोन्ही असते. नेमणुकीच्या हुकमात मात्र दुसरे नाव गळून पडते, आणि आज प्रसूतिकक्षात असलेली बाई उद्या अस्थिरोग विभागात नि परवा बाह्यरुग्ण विभागात तैनात होते. ही व्यवस्था बदलली पाहिजे असे माझे निश्चित मत आहे.

कामाचा तपशील ध्यानात घेतल्याखेरीज या मागणीचे गांभीर्य कळणार नाही. वेणांना जोर आल्यानंतर दर अर्ध्या तासाने गर्भाच्या हृदयाचे ठोके ऐकावयाचे, ते मिनिटाला 110 ते 160 यांच्या दरम्यान आहेत की नाहीत हे पाहावयाचे, कळांची संख्या आणि त्यांचा अवधी पोटावर हात ठेवून मोजावयाचा, गर्भाशयाचे मुख किती उघडले आणि बाळाचे डोके किती खाली उतरले हे वेळोवेळी आलेखावर मांडावयाचे, आणि हे सर्व करीत असताना भेदरलेल्या मुलीला पाणी पाजावयाचे, तिची कंबर चोळावयाची, तिला चालवावयाचे, कुशीवर वळवावयाचे आणि कळ नसताना जोर करू नकोस म्हणून समजावावयाचे. मूल बाहेर आल्यावर तर क्षणांचा हिशेब सुरू होतो. ते पुसून कोरडे करून आईच्या उराशी ठेवायचे; रडले नाही, श्वास घेतला नाही, तर पहिल्या मिनिटाच्या आत पिशवी-मुखवट्याने त्याला श्वास द्यायचा; त्याच सुमारास आईला ऑक्सिटोसिनची सुई टोचायची; नाळ घाईने न कापता एक ते तीन मिनिटे थांबायचे; वार पडली की ती उलटसुलट करून पुरी आली की नाही ते तपासायचे, आणि गर्भाशय हाताखाली घट्ट लागते आहे ना, हे पुनःपुन्हा चाचपायचे. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव हे आजही मातामृत्यूचे प्रमुख कारण आहे, आणि तो ओळखण्यातला दहा मिनिटांचा विलंब एका घराचा आधार हिरावून नेऊ शकतो. असे हात एका पावसाळ्यात तयार होत नाहीत, आणि ते तयार झाल्यावर पाळीच्या तक्त्याने दुसऱ्या विभागात पाठविणे हा सार्वजनिक संपत्तीचा अपव्यय होय.

हे शास्त्र आपल्याकडे उपरे नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानात नववा महिना लागण्यापूर्वी सूतिकागार सिद्ध करावे असे सांगितले आहे. त्यात असाव्यात त्या वस्तूंची यादी देताना ग्रंथकार तिथेच अनेक बाळंतपणे अनुभवलेल्या, स्नेहशील, कार्यकुशल आणि क्लेश सोसणाऱ्या स्त्रियांची उपस्थिती आवश्यक मानतो, आणि कळ नसताना प्रसूत होणारीला जोर करू देऊ नये असेही बजावतो. आज प्रसाविकेला शिकविल्या जाणाऱ्या पहिल्या धड्यांत हाच धडा आहे. युरोपातही प्रसाविकेच्या महत्त्वाची साक्ष मिळते. व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात 1840 च्या दशकात दोन प्रसूतिकक्ष होते. एक वैद्यकीय विद्यार्थ्यांचा, दुसरा प्रसाविकांचा. पहिल्यात बाळंतज्वराने सुमारे दहा टक्के स्त्रिया दगावत, दुसऱ्यात चार टक्क्यांहूनही कमी. शवविच्छेदन करून आलेल्या हातांनी विष येते, हे इग्नात्स सेमेल्वाइसने 1847 साली ओळखले आणि हात क्लोरीनच्या पाण्याने धुण्याचा नियम घातला. प्रसाविकांचा कक्ष हाताशी नसता, तर ही तुलना कशाच्या आधारे झाली असती?

आपल्याकडच्या सुईणीचा इतिहास मात्र दुःखद आहे. नाळ कापणे आणि वार पुरणे अमंगल मानले गेल्याने गावोगाव हे काम बहुधा अस्पृश्य मानलेल्या जातींतील स्त्रियांच्या माथी मारण्यात आले. ज्या हातांनी घराण्याचा वारस जगात आणला, त्याच हातांना सुवेर फिटल्यावर त्या घरात मज्जाव होता. पुढे आलेल्या सरकारी योजनांनी कधी तिला शिकविण्याचा यत्न केला, कधी तिला अडाणी ठरवून दूर सारले. परंतु नगर जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने 1970 पासून जे काम उभारले, त्यात निरक्षर आणि दलित समाजातील अनेक स्त्रिया गावच्या आरोग्य कार्यकर्त्या झाल्या, सुरक्षित बाळंतपण शिकल्या, आणि गावाने ज्यांना उंबऱ्याबाहेर ठेवले होते त्यांचाच सल्ला गाव घेऊ लागला. योग्य शिक्षण आणि विश्वास मिळाला तर काय घडते, याचा हा पुरावा महाराष्ट्राच्याच मातीतला आहे.

2005 सालच्या जननी सुरक्षा योजनेनंतर बाळंतपणे दवाखान्यात आली, हे मोठेच काम झाले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार दवाखान्यातील प्रसूतींचे देशातील प्रमाण 2005-06 मध्ये 38.7 टक्के होते, ते 2019-21 मध्ये 88.6 टक्के झाले; मातामृत्यूचे प्रमाण लाख जिवंत जन्मांमागे 2001-03 मधील 301 वरून 2018-20 मध्ये 97 वर उतरले, आणि महाराष्ट्रात तर ते 33 इतके खाली आले. याच काळात शस्त्रक्रियेने होणाऱ्या प्रसूती मात्र 8.5 वरून 21.5 टक्क्यांवर गेल्या. खासगी रुग्णालयांत तर जवळजवळ निम्म्या. शस्त्रक्रियेने असंख्य जीव वाचविले आहेत आणि तिची निंदा मी करणार नाही. तरी गरज नसताना कापलेले पोट पुढच्या बाळंतपणाचा धोका वाढविते, आणि निसर्गतः होणाऱ्या प्रसूतीला लागणारा वेळ देणारे, जवळ बसणारे माणूस कमी पडले की सुरी लवकर उचलली जाते, हेही तितकेच खरे.

केंद्र सरकारने 2018 साली प्रसाविका सेवांविषयी जे धोरण जाहीर केले, ते या दृष्टीने अभिनंदनीय आहे. परिचर्येचे शिक्षण घेतलेल्या स्त्रियांना अठरा महिन्यांचे खास प्रशिक्षण द्यावे, आणि मोठ्या रुग्णालयांच्या आवारातच, शस्त्रक्रियेची सोय हाकेच्या अंतरावर ठेवून, त्यांच्या देखरेखीखालील प्रसूतिकक्ष चालवावेत, अशी ही योजना. तेलंगणाने करीमनगर येथे हैदराबादच्या फर्नांडिस रुग्णालयाच्या सहकार्याने याचा आरंभ 2017 सालीच केला होता. आवारातील कक्षाचा आग्रह मला विशेष शहाणपणाचा वाटतो. इंग्लंडमध्ये 64 हजारांहून अधिक निर्धोक गर्भवतींच्या पाहणीचा जो अहवाल 2011 साली प्रसिद्ध झाला, त्यात प्रसाविकांच्या कक्षांत बाळांना अधिक अपाय झाला नाही आणि टाके, चिमटे व शस्त्रक्रिया कमी लागल्या. घरच्या बाळंतपणात मात्र पहिलटकरणींच्या बाळांना थोडा अधिक धोका दिसला. प्रसाविकेच्या हाती सूत्रे देणे म्हणजे डॉक्टरला बाहेर घालविणे, ही भीती त्यामुळे अनाठायी ठरते. ठोके मंदावले, रक्तदाब चढला, डोके उतरेना, की त्याच क्षणी त्याला बोलावण्याचा अधिकार आणि जबाबदारी दोन्ही तिच्या शिक्षणाचाच भाग आहेत.

धोरण कागदावर चांगले आहे. अंमलबजावणीचा प्रश्न खात्यातल्या नेहमीच्या रिवाजाशी येऊन थांबतो. प्रशिक्षणाला पाठविलेल्या परिचारिकेची मूळ जागा परिचर्येच्याच यादीत राहते, पदोन्नतीची पायरी तिथूनच जाते, आणि परिसेविका पाळी लावताना ज्या विभागात माणूस कमी तिथे माणूस पाठविते. त्यात तिचा दोष नाही, कारण तिच्या हातातील तक्त्यात प्रसाविका असा रकानाच नाही. संसदेने 2023 साली संमत केलेल्या राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोगाच्या कायद्याने या विद्येला परिचर्येच्या बरोबरीने नाव दिले आहे. आता राज्याने प्रसूतिकक्षासाठी प्रसाविकांची पदे निराळी मंजूर करावी, त्या पदांवरून इतर विभागांत बदली होणार नाही असा स्पष्ट हुकूम काढावा, वेतनाची आणि बढतीची वाट स्वतंत्र आखावी, आणि रातपाळीला किती प्रसूतींमागे किती प्रसाविका हव्यात याचे प्रमाण ठरवून तेवढी तरतूद अंदाजपत्रकात दाखवावी. प्रशिक्षण पुरे करून परतणाऱ्या परिचारिकेच्या हाती पडणारा हुकूम कोणत्या विभागाचा आहे, हे पहिली काही वर्षे तरी आरोग्य खात्याच्या सचिवांनी जातीने पाहावे.